आकड्यांच्या उतरंडीत आपल्या आयाबहिणी कुठे आहेत?

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांसमोर एक कसोटी ठेवली. एखाद्या समाजाची प्रगती त्या समाजातील स्त्रियांनी किती प्रगती केली यावरून आपण मोजतो, असे त्यांनी सांगितले. जयंतीच्या बॅनरवर, व्याख्यानांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर हा विचार आपण सगळेच वापरतो. पण त्यातल्या 'मोजतो' या शब्दाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. मोजायचे तर माप लागते, मोजणारा लागतो आणि काय मोजायचे हे ठरवावे लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

या कसोटीनंतर त्रेपन्न वर्षांनी, १९९५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने आपल्या मानव विकास अहवालात स्त्री-पुरुष विषमता मोजायला सुरुवात केली. आज ही मोजणी दर अहवालात होते आणि आपल्याकडे त्यावर दोन दिवस चर्चा होते. मे २०२५ च्या अहवालात मानव विकासाच्या यादीत भारत १९३ देशांमध्ये १३० वा आहे आणि लिंगभाव विषमता निर्देशांकात १७२ देशांमध्ये १०२ वा. त्याआधीच्या अहवालात विषमतेच्या यादीत आपण १०८ वे होतो, म्हणजे सहा पायऱ्या वर आलो. सरकारसमर्थकांनी याचे स्वागत केले, विरोधकांनी '१०२ वा' म्हणून टीका केली आणि विषय संपला.

आम्ही वस्तीपातळीवर काम करणारी माणसे आहोत. आम्हाला यात वेगळा प्रश्न पडतो. या आकड्यात आमच्या वस्तीतली बाई आहे का?

माप कसे तयार झाले?

१९९५ साली दोन मापे आली. एक स्त्री-पुरुष विकासाचे, दुसरे स्त्रियांच्या सक्षमीकरणाचे. पहिल्या मापात देशाच्या उत्पन्नाचा वाटा इतका मोठा होता की श्रीमंत देश आपोआप वर दिसायचे. दुसऱ्यात संसदेतील स्त्रिया, व्यवस्थापक आणि व्यावसायिक पदांवरील स्त्रिया मोजल्या जात. ते वरच्या थरातल्या स्त्रियांचे माप होते. शेतात निंदणी करणारी बाई त्यात कुठेच बसत नव्हती. योगायोग असा की याच १९९५ मध्ये आपल्या देशात रूथ मनोरमा यांच्या पुढाकाराने दलित स्त्रियांचे राष्ट्रीय महासंघटन उभे राहिले आणि 'स्त्री' या एका शब्दात सगळ्या स्त्रियांचे दुःख मावत नाही, हे त्यांनी जगासमोर मांडायला सुरुवात केली.

२०१० मध्ये नवे माप आले, तेच आज चर्चेत असते. त्यात तीन बाजू आहेत. पहिली प्रजनन आरोग्य, म्हणजे बाळंतपणात होणारे मृत्यू आणि किशोरवयात येणारे मातृत्व. दुसरी सक्षमीकरण, म्हणजे संसदेतील जागा आणि माध्यमिक शिक्षण. तिसरी श्रमबाजार, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्री-पुरुषांचे प्रमाण. शून्य म्हणजे पूर्ण समता आणि एक म्हणजे पूर्ण विषमता. भारताचे मूल्य २०२१ साठी ०.४९०, २०२२ साठी ०.४३७ आणि २०२३ साठी ०.४०३ आले. आकडा खाली येतो आहे, म्हणजे चांगले होत आहे. मात्र दर अहवालात जुनी आकडेवारी सुधारली जाते आणि यादीतल्या देशांची संख्याही बदलते. म्हणून 'सहा पायऱ्या वर' यावर नाचण्यात अर्थ नाही आणि रडण्यातही नाही.

सुधारणा खरी कुठे झाली, हे मात्र सांगितलेच पाहिजे. देशात एक लाख जिवंत जन्मांमागे बाळंतपणाशी निगडित मातामृत्यू २०१४-१६ मध्ये १३० होते, ते २०१८-२० मध्ये ९७ वर आले. महाराष्ट्रात ६१ वरून ३३ वर आले. या प्रत्येक आकड्यामागे रात्री-अपरात्री गरोदर बाईला दवाखान्यात घेऊन जाणारी एखादी आशाताई आहे. आणि गंमत पाहा, ज्या आशाताईंच्या श्रमावर हा निर्देशांक सुधारला, त्यांना सरकारदरबारी कामगार म्हणत नाहीत, 'स्वयंसेविका' म्हणतात. त्यांना पगार नाही, मोबदला मिळतो.

अर्धा कोयता

मापात काय येते यापेक्षा काय येत नाही, हे समजून घ्यायचे असेल तर बीडकडे पाहावे. मराठवाड्यातून दर हंगामात लाखो माणसे ऊसतोडीला जातात. तिथे मजूर माणशी मोजला जात नाही, कोयत्याने मोजला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि ती रक्कम बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. बाई पहाटे उठून भाकरी करते, फडात ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते, रात्री खोपीत परत चूल पेटवते. हिशेबाच्या वहीत तिचे नाव नसते. एका दिवसाचा खाडा झाला तर दंड मात्र कोयत्याला बसतो.

या खाड्याच्या भीतीने, पाळीच्या त्रासाने, स्वच्छतागृहाच्या अभावाने आणि काही ठिकाणी डॉक्टरांनी दाखवलेल्या कर्करोगाच्या भीतीने इथल्या बायकांनी गर्भाशय काढून टाकले. २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला, राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींमागे एक. देशपातळीवरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के आहे. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे, पण एवढे अंतर पद्धतीच्या फरकाने भरून निघत नाही.

आता ही बाई लिंगभाव विषमता निर्देशांकात घालून पाहा. ती बाळंतपणात दगावली नाही, म्हणून मातामृत्यूत नाही. ती काम करते, म्हणून श्रमबाजारात 'सहभागी' आहे. गर्भाशय काढलेली, मजुरी हातात न पडणारी, कर्जाने बांधलेली ही बाई निर्देशांकात समतेच्या बाजूने मोजली जाते. या बायकांमध्ये अनुसूचित जातींच्या, बंजारा आणि वंजारी समाजाच्या बायका मोठ्या संख्येने आहेत. हे तर निर्देशांक विचारतच नाही.

काम करते, पण 'काहीच करत नाही'

केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबाजारातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. ही वाढ मोठी आहे. पण आत डोकावले तर दिसते की काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांपैकी दोघी 'स्वयंरोजगार' या गटात आहेत आणि एकूण काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणी घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. काम वाढले, तेवढी कमाई तिच्या हातात आली असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या बाजूला घरातले काम आहे. २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणारी स्त्री दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामाला देते, पुरुष ८८ मिनिटे देतो. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषाचीही नऊ मिनिटे वाचली. म्हणजे घरातला पुरुष पुढे सरसावला म्हणून बाईचे ओझे हलके झाले, असे काही घडलेले नाही. हे तास निर्देशांकात कुठेही येत नाहीत.

घरोघरी माहिती घेताना आम्हाला एक उत्तर हमखास ऐकू येते. "ताई काय करतात?" असे विचारले की नवरा किंवा सासरा आतूनच सांगतो, "काही नाही, घरीच असते." पुष्कळदा ती बाई स्वतःही तेच म्हणते. मग बोलता बोलता कळते की ती सकाळी चार घरची धुणीभांडी करून आलेली असते आणि दुपारी पिशव्या शिवायला बसणार असते. प्रश्न विचारणाऱ्याने तिथेच थांबून पहिले उत्तर लिहून घेतले, तर सरकारी कागदावर ती आयुष्यभर 'काही करत नाही'.

आणखी एक पेच आहे. वरच्या जातींमधल्या बऱ्याच स्त्रिया प्रतिष्ठेपायी घराबाहेर कामाला जात नव्हत्या, तेव्हा दलित स्त्री रस्त्यावर, शेतात, गिरणीत, नगरपालिकेत राबत होती. तिचा श्रमबाजारातला सहभाग आजही गरजेपोटी जास्त असतो. निर्देशांक याला सक्षमीकरण समजतो. झाडू हातात असणे आणि सही करण्याचा अधिकार हातात असणे, दोन्ही त्याच्या लेखी सारखेच 'काम'.

सत्तेतला वाटा

२०२४ च्या लोकसभेत ७४ स्त्रिया निवडून आल्या, म्हणजे साधारण साडेतेरा टक्के. २०१९ मध्ये ७८ होत्या. इथे आपण मागे गेलो. २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती होऊन लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देण्याचे ठरले. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांमध्येही एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या असतील. पण कायद्यात अट आहे, आधी जनगणना, मग मतदारसंघांची पुनर्रचना, मग आरक्षण. म्हणजे स्त्रीचा सत्तेतला वाटासुद्धा शिरगणतीवर येऊन अडला आहे.

इथे निर्देशांक भारतावर थोडा अन्यायही करतो. तो फक्त संसद मोजतो. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती आणि नगरपालिकांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून त्या निम्म्या झाल्या. गावोगावी आपल्या समाजातल्या बायका सरपंच झाल्या, हा बदल या मापात दिसत नाही. पण त्याचबरोबर खुर्चीवर बसलेला 'सरपंचपती', झेंडावंदनाला मुद्दाम डावलली गेलेली दलित सरपंच आणि तिच्यावर आणलेला अविश्वास ठराव हेही त्यात दिसत नाही.

सरासरीच्या आड

कोणत्याही सरासरीचा दोष एकच असतो. तिच्यात वरचे आणि खालचे एकत्र मिसळतात. मानव विकास निर्देशांकातून विषमतेचा हिशेब वजा केला की भारताचे मूल्य ३०.७ टक्क्यांनी घसरते, असे २०२५ चा अहवालच सांगतो. पण हा हिशेब उत्पन्न, शिक्षण आणि आयुर्मानातल्या विषमतेचा आहे, जातीचा नाही. जात आणि लिंग एकत्र ठेवून मोजणारा रकाना जागतिक निर्देशांकात नाही.

जेव्हा कोणी असे मोजते तेव्हा काय दिसते? २०१८ च्या यूएन विमेनच्या अहवालात भारतातील एका अभ्यासाच्या आधारे सांगितले होते की दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ वर्षे आणि उच्चवर्णीय स्त्रीचे ५४.१ वर्षे आहे. अंतर १४.६ वर्षांचे. हा आकडा आपल्या चळवळीत खूप फिरतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा फिरतो. 'दलित स्त्रीचे आयुर्मान ३९ वर्षे' असे लिहिले जाते. मृत्यूसमयीचे सरासरी वय आणि आयुर्मान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या समाजात मुले आणि तरुण जास्त, तिथे मरणाऱ्यांचे सरासरी वय आपोआप कमी दिसते. म्हणून हा आकडा खोटा ठरत नाही. पाणी, शौचालय आणि राहणीमान सारखे धरूनही दलित स्त्री लवकर मरते, ही त्या अहवालातली मांडणी गंभीरच आहे. पण आपण तो चुकीच्या नावाने मांडला तर समोरचा पहिल्याच फटक्यात आपले म्हणणे मोडीत काढतो.

तथागतांनी कालामांना सांगितले की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपले गुरू सांगतात म्हणून काही मानू नका, तपासून पाहा. आकड्यांनाही तोच नियम लावला पाहिजे. आपल्या बाजूच्या आकड्यांना तर आधी.

आता आपल्या घरात

बौद्ध समाजाबद्दल एक आकडेवारी आपण अभिमानाने सांगतो. २०११ च्या जनगणनेनुसार बौद्धांची साक्षरता ८१.३ टक्के, देशाची सुमारे ७३. बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४ टक्के, देशातील सर्व स्त्रियांची ६४.६ आणि अनुसूचित जातींच्या स्त्रियांची ५६.५. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली ९३३, देशात ९१८. हा अभिमान योग्य आहे. 'शिका' हा आदेश ज्या समाजाने मनावर घेतला, त्याचे हे फळ आहे.

पण तपासून पाहू. देशातील सुमारे ७७ टक्के बौद्ध महाराष्ट्रात राहतात. महाराष्ट्रातील सर्व स्त्रियांची साक्षरता त्या जनगणनेत जवळपास ७६ टक्के होती. म्हणजे देशाच्या सरासरीशी तुलना केली की आपण खूप पुढे दिसतो, महाराष्ट्राच्या सरासरीशी केली की ती आघाडी उरत नाही. आणि बौद्ध पुरुषांची साक्षरता होती ८८.३ टक्के. पुरुष आणि स्त्रियांमधले अंतर चौदा टक्क्यांचे. देशात ते सोळा टक्क्यांचे होते. धम्म स्वीकारून पंचावन्न वर्षे झाल्यानंतरही भाऊ आणि बहीण यांच्यातली दरी देशापेक्षा जेमतेम दोन टक्क्यांनी कमी होती. बाबासाहेबांच्या कसोटीवर हा आकडा ठेवला तर आपण पूर्ण उत्तीर्ण होत नाही. जुन्या पिढीतल्या निरक्षर आज्यांमुळे हे अंतर मोठे दिसते, हे खरे. पण आजच्या मुलींचे काय चालले आहे हे ठामपणे सांगायला नवी जनगणनाच नाही. २०११ नंतर ती झालेली नाही.

जनगणनेत आपण काय करायचे?

१ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून नवी जनगणना जाहीर झाली आहे आणि तिच्यात जातीची नोंदही होणार आहे. आपल्या समाजात यावर वाद आहे. धर्म 'बौद्ध' लिहायचा, हे सर्वांना मान्य. पण ज्या जाती सोडून आलो त्या पुन्हा का लिहायच्या, असे काहीजण विचारतात. या भावनेचा आम्हाला आदर आहे. तरीही व्यवहार पाहावा लागतो. २०११ मध्ये महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांवर होती, त्यांपैकी अनुसूचित जातीत नोंद झाली ती सुमारे ५२ लाखांची. सुमारे १३ लाख बौद्ध त्या तक्त्यात नव्हते. १९९० च्या कायदादुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला तो लढून मिळाला. स्त्रियांची साक्षरता, काम आणि बालिकांचे प्रमाण यांचे जातनिहाय तक्ते याच नोंदींमधून तयार होणार आहेत. जात लिहिल्याने आपण जात मानतो असे होत नाही. अन्याय कुठून आला त्याचा पत्ता नोंदवला जातो. या तक्त्यांमधून बौद्ध स्त्री गायब झाली तर उद्या तिच्यासाठी काही मागताना आपल्या हातात कागद नसेल.

दुसरी गोष्ट या वादापेक्षा सोपी आहे आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष नाही. प्रगणक दारात येईल तेव्हा उत्तर कोण देणार? घरातल्या कर्त्या पुरुषाने 'घरीच असते' म्हटले की आपल्या हजारो श्रमिक बायका पुन्हा अदृश्य होतील. प्रत्येक विहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास यासाठी काढता येईल. बायकांना सांगता येईल की गेल्या वर्षभरात केलेले धुणीभांडीचे काम, शिवणकाम, शेतमजुरी, भाजी विकणे हे सगळे काम आहे आणि ते तसेच सांगायचे. प्रगणकासमोर बाईने स्वतः बसायचे. महाविद्यालयातल्या आपल्या मुला-मुलींनी हे काम अंगावर घेतले तर त्याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही.

आणि तिसरी गोष्ट, संयुक्त राष्ट्रांची वाट न पाहता आपण आपला निर्देशांक काढू. तुमच्या विहाराच्या विश्वस्त मंडळात स्त्रिया किती? जयंती समितीचा हिशेब कोणाच्या हातात असतो? गेल्या पाच वर्षांत व्यासपीठावर बोलणाऱ्यांपैकी स्त्रिया किती, आणि त्यांना महिला दिनाव्यतिरिक्त कधी बोलावले? दहावीनंतर वस्तीतल्या किती मुलींचे शिक्षण थांबले आणि किती मुलांचे? घराच्या कागदावर आईचे नाव आहे का? भोजनदानाच्या दिवशी भाकऱ्या कोण करते आणि ताट आधी कोणाला मिळते?

या प्रश्नांची उत्तरे एका वहीच्या पानावर मावतील. पुढच्या १४ एप्रिलला ते पान विहाराच्या फलकावर लावा. निर्देशांकात देश १०२ वा आहे की ९२ वा, हे आपल्या हातात नाही. पण आपल्या विहाराचे पान पुढच्या वर्षी बदललेले असेल की नाही, हे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

जय भीम.